दमडीची म्होरकी

दमडी माझी घोडी.
उंची सदऱ्याच्या तिसऱ्या बटणापर्यंत.
काशीदच्या वाळूत पोरांना फिरवते,
पन्नास रुपये फेरी,
रडणाऱ्याला चाळीस.

होडीच्या निळ्या दोरीची म्होरकी होती तिला.
घाम, खारं वारं, वर नायलॉन.
नाकाडावरचे केस झडले,
खाली गुलाबी कातडं दिसायला लागलं
जुन्या रुपयाएवढं.
ती काही बोलली नाही,
फक्त सकाळी मला बघून
तोंड माडाकडे वळवायला लागली.

चामड्याची घ्यायची ठरवली.
खिशात सुतळी, सुतळीला तीन गाठी:
नाकाची, गालाची, कानामागची.

अलिबागला म्हणाले, फुल साइज आहे काका,
शर्यतीच्या घोड्याची.
त्यातून दमडी अख्खी बाहेर आली असती.
पेणला मिळत होती, साडेतीनशेला.
वाकवली तर करकरली,
नखानं खरवडली तर आत पुठ्ठा.
कड्या लोखंडी. आमच्याकडे लोखंड
एक दिवाळी बघतं, दुसरी बघत नाही.
पुण्याचा एक फोनवर गोड बोलला:
परदेशी, पोनी साइज, आतून मऊ अस्तर,
साडेपाच हजार, कुरिअर वेगळं.
म्हणजे एकशे दहा फेऱ्या,
त्यात दमडीचा चणा धरलेला नाही.

एकतीस वर्षं मुरूड डेपोत कंडक्टर होतो मी.
हाफ तिकीट म्हणजे काय ते मला विचारा:
पैसे अर्धे, पण खिडकी अख्खी पाहिजे.
इथे उलटंच.
जीव अर्धा, भाडं दुप्पट.

शेवटी रेवदंड्याला,
आगरकोटाच्या सावलीत हिराजी पाबरेकर बसतो त्याच्याकडे.
ढोलकीच्या वाद्या, चपला, एखादी छत्री.
सुतळी त्यानं नाकाशी धरली, परत दिली.
"घोडी आण मास्तर. सुतळी खोटं बोलते."

आणली. बावीस किलोमीटर, टेम्पोतून, दोनशे रुपये.
त्यानं हात धुतले, मग तिच्या गालावरून फिरवले,
दोन बोटं जबड्याखाली घालून पाहिली,
त्या रुपयाएवढ्या जागेवर मात्र थांबला,
आणि मला असं बघितलं
जसं मी कधीकाळी विनातिकीटवाल्याला बघायचो.

"सातशेत करतो. पण चामडं चांगलं नाही माझ्याकडे.
आता हिरड्यात मुरवलेलं मिळतं कुठे?"
मग माझ्या खांद्याकडे बोट.
"हे काय आहे?"

पैशाची पिशवी. डेपोची.
निवृत्त होताना जमा करायची होती,
हरवली म्हणून लिहून दिलं,
पंच्याऐंशी रुपये दंड भरला,
पावती अजून आतच आहे.
पट्टा दोन बोटं रुंद, पितळी बकल,
चिल्लरीनं आणि खांद्यानं
लोण्यासारखा मऊ केलेला.

मी म्हटलं, बघू.
हिराजी हसला. "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही,
असं म्हणतात ना? मग?
चमडी दे. दमडी कुठे जात नाही."

रापी फिरली तेव्हा
मी समोरच्या हॉटेलात चहा घेत होतो.
मुद्दामच.

बसली म्होरकी. एक भोक कमी पडलं गालाशी,
घरी तिकिटाच्या जुन्या पंचनं पाडायला गेलो,
चामड्यानं पंचचाच दात तोडला.
पुन्हा रेवदंडा.

दोनशे अजून देणं आहे हिराजीचं.
पैसे नको म्हणतो, उंडीचं तेल आण म्हणतो,
बाटलीभर, घाण्याचं.
मीही रोज संध्याकाळी बोटावर घेऊन चोळतो,
आधी पट्ट्याला,
उरलेलं त्या गुलाबी जागेला.
केस येतायत. करडे, आधीच्या रंगाचे नाहीत.

बिनपट्ट्याची पिशवी खुंटीला बसत नाही,
फळीवर आडवी पडून असते.
दमडीच्या गालांना मात्र
नाण्यांचा वास येतो,
विशेषतः ऊन तापलं की.
काल एका पोराला वर बसवलं, बकल तपासलं,
आणि सवयीनं
पट्ट्यावर दोनदा टिचकी मारली.

चालायला लागली.